वेब सिरीजचं धावतं समालोचन

आमच्या घरात कुठलीही वेब सिरीज दोनदा बघून होते. पहिल्यांदा मी एकटा, सकाळच्या बसमध्ये, मोबाइलवर. दुसऱ्यांदा रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये, आईबरोबर, आणि तेव्हा माझं तोंड सतत चालू असतं. कोण आलं, कुठे बसलं, हातात काय आहे, कोण कोणाकडे बघतंय. आईला टीव्ही दिसतो, टीव्हीतली माणसं दिसत नाहीत.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, तो तिचा वयोमानाने खराब झालाय. सुरुवातीला तिला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. ठाण्यातली पाचपाखाडीची आमची बिल्डिंग इतकी जुनी होती, की गज खरंच वाकले असतील असंच सगळ्यांना वाटलं. मग फरशीच्या रेषा वाकल्या, पेपर वाचताना शब्दाच्या मधोमध डाग पडायला लागला. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. ऐकूनच माझ्या अंगावर काटा यायचा, ती म्हणायची दाढ काढण्यापेक्षा बरं. इंजेक्शनांनी आजार थोपला, गेलेली नजर मात्र परत आली नाही. या दुखण्यात मधलं जातं आणि कडेचं राहतं. त्यामुळे ती घरभर न अडखळता फिरते, चहा टाकते, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही. टीव्ही बघायचा तर मान गॅलरीकडे वळवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा पकडते. पाहुण्यांना वाटतं, आजींचं लक्षच नाही.

त्यातच बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याच्या बाजूला भाड्याने राहायला आलो. पाचपाखाडीत तिला प्रत्येक पायरी, प्रत्येक भाजीवाला आवाजावरून ठाऊक. इथे लिफ्ट, वॉचमनचं रजिस्टर आणि खाली मेट्रोच्या कामाची धूळ. ती घराबाहेर पडेनाशी झाली आणि दिवसभर मराठी वाहिन्यांवरच्या मालिका सुरू झाल्या.

त्या मालिका न बघताही कळतात, हे मान्य करायला हवं. माणूस दारातून आत यायच्या आधी त्याचं नाव घेऊन कोणीतरी हाक मारतं. धक्का बसला की ढॅण वाजतं, तीनदा. मनातलं बोलणंही मोठ्याने असतं. पण आई काही या वर्गातली प्रेक्षक नाही. तिने आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली, ट्रंक कॉल बुक करायच्या काळापासून. आवाज ऐकून माणूस खोटं बोलतोय की घाबरलाय हे ओळखणं तिच्या हाडीमासी खिळलंय. एका रात्री ती म्हणाली, "अरे, ही सून गेले चार महिने एकाच सुरात रडतेय. तुम्ही लोक मोबाइलवर काय बघत असता, ते लाव ना मला."

मी उत्साहाने एक गाजलेली थ्रिलर लावली. नाव सांगत नाही, कारण त्या सिरीजवाल्यांचा काही दोष नव्हता. पहिली कितीतरी मिनिटं फक्त संगीत, पाऊस, बुटांचे आवाज आणि मग एक किंकाळी. आई शांतपणे म्हणाली, "कोण मेलं?" मी म्हटलं, "अजून कळलेलं नाही." "मग मारलं कोणी?" "तेही नाही." "मग एवढा वेळ तू काय बघत होतास?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. ड्रोनने घेतलेलं जंगल बघत होतो.

तेव्हा तिनेच सुचवलं. पूर्वी रेडिओवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं समालोचन करायचे. मैदान कोणाला दिसायचं? "तसं सांग," म्हणाली. "फक्त तुझी मतं मधे घालू नकोस."

मतं मधे न घालणं हे सगळ्यात अवघड निघालं. सुरुवातीला मी सांगायचो, "तो आता दुःखी झालाय." आई विचारायची, "कशावरून?" मग मला नीट बघावं लागायचं. तो दुःखी झालाय म्हणजे नक्की काय करतोय? तर त्याने चमचा ताटाच्या कडेला ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. एवढं सांगितलं की तिला पुरतं, दुःख ती स्वतः लावून घेते. दुसरी गोष्ट, कोणी बोलत असताना आपण बोलायचं नाही. संवाद आणि संवाद यांच्या फटीत सगळं बसवायचं, आणि ती फट कुठे आहे हे आधी माहीत नसेल तर फसगत ठरलेली. म्हणून ती सकाळची बस. मानपाडा ते स्टेशन हा पल्ला किती वेळात होईल हे कापूरबावडीच्या सिग्नलवर अवलंबून, त्यामुळे बहुतेक दिवशी अर्धा भाग तरी होतोच. पुढे ट्रान्स-हार्बरची लोकल ऐरोलीपर्यंत इतकी थोडकी, की तिच्यात नुसतं आठवून ठेवायचं. रात्री काय सांगायचं, काय गाळायचं. पहिल्यांदा बघताना मी आता गोष्टीत पूर्वीसारखा गुंतत नाही, हा या व्यवहारातला तोटा.

रिमोटचं एक वेगळंच प्रकरण होतं. नव्या रिमोटवर बटणं थोडी आणि सगळी सारख्याच गुळगुळीत अंगाची. बायकोने मधल्या बटणावर खड्याची टिकली चिकटवली. आई आता अंगठ्याने टिकली शोधते आणि थांबवते, चालू करते. टीव्हीला बोलून सांगायची सोय आहे, तीही तिने करून बघितली. "पंचायत लाव" म्हटल्यावर टीव्हीने कुठल्याशा जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीच्या बातम्या लावल्या. तिने त्या ऐकल्याही.

"पंचायत"पासूनच आमची खरी सुरुवात झाली. २०२० साली पहिला सीझन आला तेव्हा मी तो लॉकडाऊनमध्ये बघितला होता आणि छान, हलकंफुलकं काहीतरी, एवढंच मत घेऊन पुढे गेलो होतो. आईला सांगताना लक्षात आलं, की यात मला सांगण्यासारखं फार थोडं आहे. रघुवीर यादव, नीना गुप्ता, फैसल मलिक, चंदन रॉय, प्रत्येकाच्या बोलण्याचा वेग वेगळा. प्रधानजींचं एखादं वाक्य अर्ध्यात थांबतं आणि त्या थांबण्यातच विनोद असतो, तिथे मी बोललो तर तो मरतो. सोलरचा दिवा कुठे लावायचा, चाकं लावलेल्या ऑफिसच्या खुर्चीवरून झालेला मानापमान, चोरीला गेलेला मॉनिटर. कामं एवढीएवढीशी, पण भांडण लागलं की बाजू कळते, कोण कोणाचा मान राखतंय हे कळतं. आईला ग्रामपंचायतीच्या कारभाराचा काडीचा अनुभव नाही, तरी सरकारी कचेरीतली मंद गती तिने लगेच ओळखली. "आमच्या एक्स्चेंजमध्ये पंख्यासाठी अर्ज असाच फिरायचा," म्हणाली.

जून २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या सीझनला मात्र ती कंटाळली. निवडणूक, एकीकडे दुधीभोपळा आणि दुसरीकडे प्रेशर कुकर ही निशाण्यांची गंमत पहिल्या दोन भागांत संपते. पुढे घोषणा, कुरघोडी, पुन्हा घोषणा. मला डोळ्यांनी बघताना ते एवढं खटकलं नव्हतं, कारण ओळखीचं गाव, ओळखीचे चेहरे, आपण प्रेमाने बघत राहतो. आईकडे चेहऱ्यांचं प्रेम नाही. तिला फक्त बोलणं ऐकू येतं, आणि त्यात नवीन काही नव्हतं. "या सीझनमध्ये कोणी कामच करत नाहीये," हा तिचा शेरा. माझ्या मते त्या सीझनबद्दल याहून नेमकं काही बोलता येणार नाही.

"गुल्लक" तर जणू आमच्यासाठीच काढलेली. मिश्रांच्या घरातला मातीचा गल्लाच गोष्ट सांगतो, त्यामुळे माझी अर्धी नोकरी गेली. शेजारची बिट्टूची मम्मी आत यायच्या आधी तिचा आवाज येतो. गीतांजली कुलकर्णी ज्या तऱ्हेने नवऱ्यावर चिडते, त्यात चिडण्याच्या खाली एक थकवा आहे, तो आईने पहिल्याच भागात ऐकला. सगळे सीझन आम्ही एका दमात संपवले. नंतर मी बायकोला म्हटलं, यात अभिनय किती बारीक आहे हे मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. ती म्हणाली, पहिल्यांदा बघताना तू भांडी घासत होतास.

यानंतर मी धीर करून "पाताल लोक"चा दुसरा सीझन काढला. जानेवारी २०२५ मध्ये आलेला, आठ भागांचा, अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केलेला. गोष्ट दिल्लीहून नागालँडला जाते आणि तिथे पुष्कळ पात्रं नागामीज बोलतात. खाली इंग्रजी किंवा हिंदी ओळी येतात, त्या वाचून दाखवायला लागायच्या, शिवाय कोण कुठे उभं आहे तेही सांगायचं. माझी तारांबळ उडाली. पण आईने एका भागानंतर सांगितलं, ओळी सगळ्या वाचू नकोस. ती बाई रागात बोलतेय हे मला कळतंय, रागाचं कारण तेवढं सांग. तिला न समजणाऱ्या भाषेतल्या आवाजांत ती इतकी रमली, की मीच थक्क झालो. एक्स्चेंजला असताना हेडफोनवर तमिळ, गुजराती, बंगाली सगळं कानावरून गेलेलं, त्यामुळे भाषा न कळण्याची तिला भीती नाही.

जयदीप अहलावतचा पोलीस इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी मी जन्मात विसरणार नाही, पण त्याचं श्रेय यापुढे मी त्याच्या चेहऱ्याइतकंच श्वासाला देईन. तो खुर्चीतून उठतो तेव्हा एक बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. अधिकारी झापत असताना तो नाकाने श्वास सोडतो आणि काहीच बोलत नाही. आई म्हणायची, "ऐक, गिळला त्याने राग." मी बघत असूनही माझं तिकडे लक्ष नव्हतं.

या सीझनमध्ये अन्सारीच्या, म्हणजे हाथीरामच्या हाताखाली काम केलेल्या पोलिसाच्या बाबतीत जे घडतं, ते मी सकाळी बसमध्ये बघितलं होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी इथे फोडत नाही. दिवसभर ऑफिसात मला एकच विचार, की हे रात्री कसं सांगायचं. आईला अन्सारी फार आवडायचा. शिकलेला, हळू बोलणारा, हाथीरामला अजूनही सर म्हणणारा. आता तो हुद्द्याने वर गेलाय आणि दोघांनाही त्याचा संकोच आहे, हे लेखकांनी एका शब्दाने न सांगता ठेवलंय. तो प्रसंग आला आणि मी जे दिसत होतं तेच सांगितलं, पुढचं काही नाही. मग हाथीराम पडद्यावर येतो आणि मला काही सांगताच येईना. काय सांगणार? तोंड उघडं आहे, डोळे तसेच आहेत, हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नाहीये. एवढं बोललो आणि गप्प झालो. आईने टिकली शोधली, टीव्ही थांबवला आणि पाणी मागितलं. तो भाग आम्ही दुसऱ्या दिवशी पूर्ण केला.

"ब्लॅक वॉरंट"ही त्याच महिन्यातली, विक्रमादित्य मोटवाने यांची, तिहार तुरुंगातली. ऐंशीच्या दशकात नोकरीला लागलेला किरकोळ अंगाचा, सभ्य जेलर सुनील गुप्ता आणि त्याच्या अवतीभवती शिवीशिवाय वाक्य न बोलणारी माणसं. शिव्यांचं काय करायचं हा प्रश्न मला आईसमोर बसल्यामुळे जास्त पडला, तिला नाही. बिल्ला-रंगा म्हटल्यावर ती ताठ बसली. १९७८ साली दिल्लीत त्या बहीण-भावाला पळवून मारलं, तेव्हा पेपर रोज त्यानेच भरलेला असायचा, आणि १९८२ मध्ये दोघांना फाशी झाली ही बातमीही तिला आठवत होती. फाशीचा भाग आला तेव्हा ती म्हणाली, "हे सांगू नकोस, पुढे ने." मी आवाज बंद करायला गेलो तर म्हणाली, "आवाज राहू दे. तू गप्प बस." तुरुंगाचा आवाज या सिरीजने कमालीचा पकडलाय. किल्ल्या, थाळ्या, लोखंडी दारं, रात्रीची गस्त. जहान कपूरने आवाज कुठेही चढवलेला नाही आणि त्यामुळेच तो त्या गोंगाटात वेगळा ऐकू येतो. मला विचाराल तर गेल्या दोन-तीन वर्षांतल्या हिंदी सिरीजमध्ये एवढी नेटकी, सात भागांत आटपलेली, पाल्हाळ नसलेली दुसरी क्वचितच असेल.

इथे जाहिरातींबद्दल सांगायलाच हवं. आमच्याकडच्या एका प्लॅटफॉर्मवर पैसे भरूनही आता मधेच जाहिराती येतात. तुम्हाआम्हाला चित्र बदललेलं दिसतं. आईला नाही. हाणामारी चालू असताना एक बाई अतिशय आनंदाने कपड्यांच्या डागांबद्दल बोलायला लागली आणि आई म्हणाली, "ही कोण? मुकादमाची बायको?" त्या रात्री आम्ही सगळेच इतके हसलो, की पुढचा भाग गंभीरपणे बघता आला नाही.

मुलगी लॉ शिकते. माझा घसा बसायला लागल्यावर तिने शोधून काढलं, की हे काम करायला वर्णनाचा एक वेगळा ऑडिओ ट्रॅकच असतो. नेटफ्लिक्सने तो २०१५ मध्ये सुरू केला, तोही "डेअरडेव्हिल" या सिरीजपासून, जिचा नायकच आंधळा वकील आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृक-श्राव्य माध्यमांना असं वर्णन असावं असं म्हटलेलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने "पठाण"च्या निर्मात्यांना चित्रपट ओटीटीवर येण्याआधी हिंदीत वर्णन आणि सबटायटल्स तयार करायला सांगितलं होतं. हे सगळं तिने आजीला केस मांडल्यासारखं सांगितलं. आजीने विचारलं, "मराठीत आहे का?" आम्ही लावायला घेतलेल्या मराठी सिरीजना तरी तो मिळाला नाही. मग आजी म्हणाली, "तर मग बाबालाच बोलू दे."

म्हणून "मानवत मर्डर्स"ला माझाच आवाज. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ही सिरीज परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडावर आहे, साल १९७२ पासूनचं. तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी, ती भूमिका आशुतोष गोवारीकर यांची. आईची अडचण मकरंद अनासपुरे झाले. त्यांचा आवाज आला, की ती हसायच्या तयारीत. आणि ते तर इथे गावातले बडे प्रस्थ, धाक असलेले. दोन भाग गेल्यावर तिचं हसू आपोआप बंद झालं, आणि ही त्या नटाला मिळालेली मोठी दाद आहे. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांच्या बोलीबद्दल आमच्यात वाद झाला. मला ती पटली. आई म्हणाली, बोली बरोबर आहे, पण वाक्य संपताना दोघी कधीकधी मुंबईला परत येतात. तपासाचा भाग मला संथ वाटला होता. गोवारीकरांचं सावकाश, एकेक प्रश्न ठेवत विचारणं आईला इतकं आवडलं, की तो संथपणाही मला नंतर पटला.

"अ‍ॅडोलेसन्स"ची मला धास्ती होती. मार्च २०२५ मध्ये आलेली इंग्लंडची सिरीज, चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. कुठेही कट नाही, म्हणजे मला श्वास घ्यायला फट नाही. कॅमेरा गाडीतून घरात, घरातून पोलीस ठाण्यात, चालतच राहतो. आईला कामापुरतं इंग्रजी चांगलं येतं, पण उत्तर इंग्लंडमधली ती बोली मलाही खालच्या ओळी वाचूनच कळत होती. शेवटी मुलीने सूत्रं हातात घेतली. दुसऱ्या भागातल्या शाळेत एवढा गलका आहे, की आजीने कानावर हात ठेवले. त्याच भागात पोलिसाचा मुलगा बापाला समजावतो, की मुलांनी एकमेकांना टाकलेल्या त्या चिन्हांचा, हृदयाच्या रंगांचा अर्थ वेगळाच असतो. हे आजीला समजावताना माझी मुलगी जे काही सांगत गेली ते मी बाजूला बसून ऐकत होतो. तिला हे इतकं सविस्तर माहीत आहे याची मला कल्पना नव्हती. तिसऱ्या भागात एक खोली, एक मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. संपूर्ण भाग म्हणजे दोघांचं बोलणं. मुलीला जवळजवळ काहीच सांगावं लागलं नाही, फक्त "तो उठला", "ती बसूनच आहे". ओवेन कूपर त्यात एका वाक्यात लहान मुलगा असतो आणि पुढच्याच वाक्यात अंगावर येतो. त्याला त्या वर्षी टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आई म्हणाली, आकाशवाणीवर पूर्वी नभोनाट्यं लागायची, त्यात असा भाग खपला असता.

एवढ्या रात्री बोलबोल बोलून माझं एक मत पक्कं झालंय. ज्या सिरीजमध्ये महत्त्वाची गोष्ट मोबाइलच्या पडद्यावरच्या मेसेजमधून कळते, ती लिहिणाऱ्याने कंटाळा केलेला असतो. माणूस फोनकडे बघतो, संगीत वाढतं, मेसेज दिसतो, झालं. मला तो वाचून दाखवावा लागतो आणि मोठ्याने वाचला की त्यातला फोलपणा ऐकू येतो. "ही इज अलाइव्ह." असली वाक्यं हॉलमध्ये उच्चारून बघा. तीच गोष्ट अंधाराची. हल्ली रात्रीचे प्रसंग इतके काळेकुट्ट असतात, की आई विचारते काय चाललंय आणि मला प्रामाणिकपणे सांगावं लागतं, मलाही दिसत नाहीये. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मेथी निवडायला म्हणून येतात आणि बसतात. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. त्या म्हणतात, तुम्ही सांगता तेव्हा जास्त कळतं.

"द फॅमिली मॅन"चा तिसरा सीझन नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आणि घरात वाद पेटला. पाठलाग आणि गोळीबार सांगणं हा निव्वळ छळ आहे. गाडी वळली, दुसरी गाडी वळली, कोणीतरी पडलं. मनोज वाजपेयी आणि शारीब हाश्मी यांची गाडीतली थट्टामस्करी आली, की आम्ही दोघं खूश. हाश्मींच्या जेके तळपदेसाठी आई ही सिरीज बघते असं म्हणायला हरकत नाही. यातही गोष्ट नागालँडला जाते. एक नवा माणूस बोलायला लागला, मी त्याचं वर्णन करायला तोंड उघडलं, लांब केस, आणि आई मधेच म्हणाली, "हा आपला हाथीराम ना रे?" तोच होता, जयदीप अहलावत, इथे रुक्मा नावाचा खलनायक. बोलण्याची ढब वेगळी, माणूस वेगळा, केसांमुळे मला पहिल्या क्षणी तो पटकन ओळखताही आला नव्हता. तिने श्वासावरून पकडला.

आणि सातव्या भागाच्या शेवटी गोष्ट अधांतरी सोडून सीझन संपतो. मी सांगितलं, संपलं. आई म्हणाली, "संपलं म्हणजे? त्याचं काय झालं?" मी म्हटलं, पुढच्या सीझनमध्ये. "कधी?" तारीख माहीत नाही. पहिला सीझन २०१९ चा, दुसरा २०२१ चा, तिसरा २०२५ चा, हा हिशोब मुलीने आगाऊपणे आजीला ऐकवला. आजीने आपलं वय त्यात मिळवलं आणि सरळ बंडच केलं. आता नियम असा झालाय, की जी गोष्ट पूर्ण आहे तीच लावायची. सीझन कितीही असोत, शेवट हातात पाहिजे.

त्यामुळे माझं बसमधलं काम वाढलंय. आधी शेवट बघायचा, तो धड असेल तर पहिला भाग. सध्या "ट्रायल बाय फायर" चालू आहे, उपहार चित्रपटगृहाच्या १९९७ च्या आगीवरची. दोन मुलं गमावलेल्या आईबापांची न्यायालयातली लढाई आहे, पात्रं तारखांमागून तारखा झेलतात, आणि राजश्री देशपांडे काही प्रसंगांत इतकं हळू बोलते की आवाज वाढवावा लागतो. मुलगी प्रत्येक कलम समजावत बसते. आजी तिला म्हणते, तू गप्प बस, वकील बोलतोय.